एटिमऑनलाइन : एका कर्णकटू शब्दाच्या कसोटीवर

कोशाची परीक्षा शितावरून भाताची करतात तशीच करावी लागते, कारण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोश वाचणारा माणूस विरळाच. ‘एटिमऑनलाइन’ या नावाने ओळखला जाणारा इंग्रजी शब्दांचा व्युत्पत्तिकोश मी भाषांतराच्या कामात गेली काही वर्षे जवळजवळ रोज उघडते. तरी त्याच्याविषयी नीट मत बनवण्याची वेळ आली ती एका शब्दामुळे. तो शब्द ‘कॅकॉफनी’. पाश्चात्त्य वाद्यवृंदाविषयीच्या एका लेखात, नव्या धर्तीची रचना पहिल्यांदा ऐकणाऱ्यांना ती निव्वळ ‘कॅकॉफनी’ वाटली, अशा अर्थाचे वाक्य होते आणि मी फारसा विचार न करता तिथे ‘गोंगाट’ लिहून पुढे गेले होते. संपादकांनी समासात पेन्सिलीने विचारले, “ऐंशी वादक समोर स्वरलिपी ठेवून, एका माणसाच्या हाताकडे बघत वाजवत आहेत. याला गोंगाट कसे म्हणावे?” प्रश्न बिनतोड होता. गोंगाट भाजी मंडईत होतो, मास्तर नसलेल्या वर्गात होतो, पंगत बसण्याआधी लग्नाच्या मांडवात होतो. तो कोणी रचलेला नसतो. मग ‘कॅकॉफनी’ म्हणजे नेमके काय, आणि हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा तो कशाला म्हणत असत, हे पाहण्यासाठी मी कोश उघडला.

हा कोश संकेतस्थळावर मोफत वाचता येतो आणि मोबाइलसाठी त्याचे अ‍ॅपही आहे. तो उभा केला डग्लस हार्पर यांनी. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात वृत्तपत्रातील मजकूर तपासण्याचे आणि पाने लावण्याचे काम केलेले हे गृहस्थ. विद्यापीठातील भाषाशास्त्राचे अध्यासन त्यांच्याकडे नाही. तरीही पन्नास हजारांहून अधिक शब्दांची माहिती त्यांनी येथे जमा केली आहे. त्यांचे पत्रकार असणे काहींना या कोशाचे उणे वाटते. मला तसे वाटत नाही, कारण हार्पर स्वतः व्युत्पत्ती शोधून काढल्याचा आव आणत नाहीत. बार्नहार्ट आणि अर्नेस्ट क्लाइन यांचे व्युत्पत्तिकोश, ऑक्सफर्डचा मोठा कोश, १८८९पासून निघालेला अमेरिकेतील सेंच्युरी कोश अशा भारदस्त ग्रंथांत जे विखुरलेले आहे, ते सामान्य वाचकाला चार ओळींत कळेल असे मांडणे हे त्यांनी अंगावर घेतलेले काम आहे, आणि बातम्यांची काटछाट करणाऱ्या माणसाचा सराईत हात त्या मांडणीत जागोजागी दिसतो.

‘कॅकॉफनी’ची नोंदही तशीच आटोपशीर आहे. सुरुवातीला काळ दिला आहे : १६५०चे दशक. त्यापुढे अर्थ येतो, कठोर किंवा न रुचणारा आवाज. मग वाट उलटी सुरू होते : शब्द बहुधा सोळाव्या शतकातील फ्रेंच ‘काकोफोनी’वरून आला, तो लॅटिन वळणाच्या रूपातून, आणि ते रूप ग्रीक ‘काकोफोनिआ’वरून. त्या ग्रीक शब्दाचे दोन तुकडे पडतात, ‘काकोस’ म्हणजे वाईट आणि ‘फोने’ म्हणजे आवाज, वाणी. शेवटी एक वाक्य आहे की संगीतातील विसंवादी स्वर हा अर्थ १७८९पासून आढळतो. येथे नव्या वाचकाची हमखास गल्लत होते ती अशी की, कोशात दिलेले वर्ष हे शब्दाच्या जन्माचे वर्ष आहे असे तो समजतो. ते तसे नसते. इंग्रजी लिखाणात तो शब्द ज्या काळात पहिल्यांदा सापडतो तो हा काळ. तोंडी तो त्याआधी कितीतरी वर्षे फिरत असेल. संकेतस्थळाच्या प्रस्तावनेत हे स्पष्ट सांगितले आहे, पण प्रस्तावना वाचण्याची सवय आपल्यापैकी किती जणांना असते?

या कोशाची खरी गंमत तुकड्यांवर बोट ठेवल्यावर सुरू होते. ‘फोने’च्या मागे एक मूळ दिलेले आहे, ‘भा’, आणि त्याच्या डोक्यावर तारांकन आहे. ते तारांकन म्हणजे, हा शब्द कोठेही लिहिलेला सापडलेला नाही, संस्कृत, ग्रीक, लॅटिन, जर्मानिक आदी भाषांतील रूपे शेजारी ठेवून अभ्यासकांनी तो अनुमानाने उभा केला आहे, अशी कबुली आहे. या मुळाचा अर्थ बोलणे, सांगणे. त्याच्या खाली जी भावंडे मांडली आहेत त्यांत लॅटिनमधून आलेले ‘फेबल’ आणि ‘फेम’ आहेत, आणि ‘इन्फंट’ही आहे, कारण त्याचा मूळ अर्थ अजून बोलता न येणारा असा होतो. त्याच ओळीत संस्कृत ‘भणति’ बसलेला दिसला, तेव्हा मी खुर्चीत सरळ झाले. ‘भणति’ प्राकृतात ‘भणइ’ होतो आणि मराठीत येताना त्यातल्या ‘भ’चा ‘म्ह’ होऊन आपले ‘म्हणणे’ तयार होते. हा शेवटचा टप्पा इंग्रजी कोशात अर्थातच नाही. त्यासाठी टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश उघडावा लागतो. पण दोन्ही दुवे जोडले की असे दिसते, की ‘तो फोनवर म्हणाला’ या तीन शब्दांच्या वाक्यात आपण एकच मूळ दोनदा उच्चारतो, एकदा ग्रीसमार्गे आणि एकदा प्राकृतमार्गे. ‘कॅकॉफनी’चा उलटा शब्द ‘युफनी’; त्यातल्या ‘यु’ला, म्हणजे ग्रीक ‘एउ’ला, कोशाने आपल्या ‘सु’च्या पंक्तीला बसवले आहे. ज्याला मराठी येते त्याला हा कोश इंग्रज वाचकापेक्षा अधिक देतो असे मी म्हणते ते या अनुभवावरून.

दुसऱ्या तुकड्याची कथा मात्र जपून वाचावी. ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये म्हणतात, त्यात शब्दाचे मूळही घालायला हरकत नाही. ‘काकोस’च्या मागे कोशाने जे मूळ दिले आहे ते ‘कक्का’, आणि त्याचा अर्थ शौचास जाणे असा आहे. लहान मुलाला घाणीपासून दूर ठेवण्यासाठी आई जो शब्द वापरते त्या जातीचा हा शब्द, आणि त्यापासून ग्रीकांचा ‘वाईट’ तयार झाला, अशी ही कल्पना. त्याच घरात कोशाने नालायकांच्या राज्याला म्हणतात तो ‘काकिस्टोक्रसी’ बसवला आहे आणि बाष्कळ बडबडीला इंग्रज म्हणतात तो ‘पॉपीकॉक’ही, जो डच बोलीतून आला. वाचायला हे मोठे चविष्ट आहे. परंतु ‘काकोस’चा या बालबोलीशी संबंध सर्व अभ्यासकांना मान्य नाही. ‘कॅकॉफनी’च्या नोंदीत कंसात सरळ मूळ देऊन टाकलेले आहे, ‘कॅको’ या उपसर्गाची वेगळी नोंद उघडली तर तिथे ‘बहुधा’ हा शब्द भेटतो. म्हणजे सावधगिरी कोशात आहे, फक्त ती शेजारच्या खोलीत ठेवली आहे. एका नोंदीवर थांबून लोकांना सांगत सुटणाऱ्या माणसाने, आणि त्यात मीही आले, ही खोली उघडून पाहिल्याशिवाय तोंड उघडू नये.

याच जागी आपल्याकडच्या एका हौसेचाही उल्लेख करते. ‘कॅकॉफनी’तला ‘काक’ ऐकला की अनेकांना कावळा आठवतो आणि संस्कृतातून हा शब्द ग्रीसला गेला असे सांगण्याचा मोह होतो. अर्थ जुळतो, आवाज जुळतो, अभिमानही सुखावतो. पण ‘काक’ हे कावळ्याच्या ओरडण्याचे अनुकरण आहे आणि ‘काकोस’ हे ग्रीकमधले साधे, रोजचे विशेषण आहे. ते आवाजालाच नव्हे तर माणसाला, नशिबाला, वासालाही लागत असे. एकोणिसाव्या शतकात स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी आर्सेनिकच्या एका भयंकर दुर्गंधी संयुगगटाला ‘कॅकोडिल’ हे नाव दिले ते ग्रीकमधल्या दुर्गंधीच्या शब्दावरून, आणि त्यातही हाच ‘काकोस’ आहे. तिथे कावळ्याला जागा नाही.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे. संपादकांच्या पेन्सिलीला उत्तर हवे होते, आणि तिथे हा कोश मला अर्ध्या वाटेपर्यंतच घेऊन गेला. व्युत्पत्ती म्हणजे व्याख्या नव्हे, असे हार्पर स्वतःच बजावतात, आणि ते खरे आहे; पण शब्दाच्या अर्थाने वाटेत कोणकोणत्या मुक्कामांवर वस्ती केली हे पाहायचे तर अवतरणे लागतात, आणि अवतरणे देणे हा या कोशाचा बाज नाही. मी जुने कोश काढले. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५च्या आपल्या कोशात ‘कॅकॉफनी’चा अर्थ शब्दांचा वाईट ध्वनी एवढाच दिला आहे. शब्दांचा, हे महत्त्वाचे. नोआ वेब्स्टर यांच्या १८२८च्या अमेरिकन कोशात तीन अर्थ आहेत : पहिला अलंकारशास्त्रातला, कठोर अक्षरे किंवा शब्दाचे अवयव (एका दमात उच्चारले जाणारे तुकडे) एकमेकांना भिडल्यामुळे शब्दांना येणारा कानाला न रुचणारा ध्वनी, दुसरा वैद्यकातला, बिघडलेला आवाज, तिसरा संगीतातला, विसंवादी स्वरांचा मेळ. रस्त्यावरची वाहने, बाजार, गर्दी यांचा तिथे मागमूस नाही. म्हणजे आज वृत्तपत्रे भोंग्यांना आणि सभागृहातल्या गदारोळाला जो शब्द सहज लावतात, तो मुळात कवीच्या आणि वक्त्याच्या चुकीचे नाव होता. ‘एटिमऑनलाइन’च्या नोंदीत अलंकारशास्त्राचा हा मुक्काम मला आढळला नाही, आणि या एका शब्दापुरती ती मला मोठी उणीव वाटते, कारण तेवढे एक वाक्य असते तर शब्दाचा सगळा स्वभाव उलगडला असता.

हे कळल्यावर मराठी वाचकाला पुढचे पाऊल टाकायला इंग्रजी कोशाची गरजच उरत नाही. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित मम्मट यांनी ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात पदाचे दोष मोजले आहेत, आणि त्या यादीत पहिलेच नाव आहे ‘श्रुतिकटु’, कानाला कडू लागणारे पद. ग्रीकांनी ज्याला ‘काकोफोनिआ’ म्हटले त्याला आपल्या शास्त्रात इतके नेमके नाव कधीपासूनच तयार होते. शिवाय मम्मट असेही सांगतात की वीर, रौद्र अशा रसांत हाच दोष गुण ठरतो. पोवाडा ऐकलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. तिथे ट-ठ-ड-ढ आणि जोडाक्षरे एकमेकांवर आदळतात आणि ती आदळायलाच हवी असतात. इंग्रजी कवितेच्या वर्गातही ‘कॅकॉफनी’ शिकवतात ती अशीच, कवीने जाणूनबुजून केलेली कठोर अक्षरांची योजना म्हणून. गोंगाटाला असा कर्ता नसतो.

एका शितावर सगळा भात तोलला असा आरोप नको म्हणून मी त्याच अर्थाच्या परिसरातील आणखी काही शब्द तपासले, आणि येथे कोशाने माझी निराशा केली नाही. साधा ‘नॉइज’ हा शब्द जुन्या फ्रेंचमार्गे लॅटिन ‘नॉसिआ’वरून, म्हणजे समुद्रप्रवासात बोट लागून होणाऱ्या मळमळीवरून, आला असावा असे तो सांगतो, आवाजाने डोके उठते, तसे इंग्रजांच्या पूर्वजांचे पोट ढवळत असावे. सततच्या कल्लोळाला म्हणतात तो ‘डिन’ अस्सल जुन्या इंग्रजीतला आहे आणि त्याच्या शेजारी कोशाने संस्कृत ‘धुनि’, गर्जना करणारा, हा शब्द ठेवला आहे. आपला ‘ध्वनी’ त्याच घरचा. ‘बेडलम’ हे लंडनच्या बेथलेहेम या वेड्यांच्या इस्पितळाचे झिजलेले नाव. ‘पँडेमोनिअम’ हे मिल्टन यांनी १६६७च्या आपल्या महाकाव्यात नरकाच्या राजधानीला दिलेले नाव, गोंधळ हा अर्थ त्याला पुष्कळ नंतर चिकटला. आणि ‘हार्श’ हे विशेषण आधी स्पर्शाचे होते, खरखरीत या अर्थाचे, मग ते आवाजाकडे वळले. आपला ‘कर्कश’ही संस्कृतात आधी खरबरीत आणि कठीण असाच होता, दोन भाषांनी एकमेकींना न विचारता कानाचे दुःख हाताच्या अनुभवातून सांगितले.

वापरण्याच्या दृष्टीने सांगायचे तर मांडणी स्वच्छ आहे, नोंदीतून नोंदीत जाणे सोपे आहे आणि तोच धोकाही आहे, कारण पाच मिनिटांसाठी उघडलेला कोश तासभर मिटत नाही. नोंदीच्या खाली पुस्तकांतील वापराचा आलेख दिलेला असतो आणि त्याच्याशेजारी, असे आलेख बहुधा विश्वासार्ह नसतात, अशी टीपही असते. स्वतःच्या मालाविषयी इतके प्रामाणिक बोलणारा दुकानदार मला दुसरा भेटलेला नाही. उच्चाराच्या बाबतीत मात्र शब्दाच्या मुळावर विसंबू नये : ग्रीक तुकडे डोळ्यांसमोर असल्यामुळे आपण सगळ्या अवयवांवर सारखाच जोर देऊन ‘कॅकोफोनी’ म्हणत जातो, तर इंग्रज माणूस दुसऱ्या अवयवावर आघात देऊन ‘ककॉफनी’च्या जवळपास बोलतो. मराठीत ‘कॅकॉफनी’ रुळले आहे, ते असू द्यावे.

ज्याला अर्थाचा पूर्ण इतिहास अवतरणांसह हवा आहे त्याने ऑक्सफर्डच्या कोशाकडेच जावे. १९८९च्या आवृत्तीत त्याचे वीस खंड होते आणि आता तो ऑनलाइन आहे, पण त्याला वर्गणी पडते; ग्रंथालयाची किंवा विद्यापीठाची सोय असेल तर उत्तम. मराठी बाजूसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६चा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ टेबलावर हवा, आणि शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मराठी-इंग्रजी कोशाचे कर्ते मोल्सवर्थ आणि टर्नर दोघेही फुकट बसलेले आहेत, त्यांना भेटावे. भाषांतरकार, शिक्षक आणि शब्दांचे वेड असलेला कोणीही यांच्यासाठी मी ‘एटिमऑनलाइन’ला पाचपैकी चार तारे देते, पाचवा तारा मी अर्थांतराच्या मुक्कामांसाठी राखून ठेवला आहे. शाळकरी मुलांना तो एकट्याने देऊ नये असे मात्र वाटते, कारण मूळ अर्थ हाच खरा अर्थ असा समज त्या वयात पटकन घर करतो, आणि मग ‘नॉइज’ म्हणजे मळमळ असे उत्तरपत्रिकेत लिहून येते.

राहिले ते माझे वाक्य. मी ‘गोंगाट’ खोडून मोठ्या डौलात ‘श्रुतिकटू’ लिहिले आणि संपादकांना मम्मटांचा हवाला दिला. त्यांनी तो मानला, पण शब्द परत केला. लेख संगीतावरचा आहे, तिथे ‘श्रुती’ म्हटले की वाचक बावीस श्रुती मोजू लागेल, असे त्यांचे म्हणणे. तेही बिनतोड. शेवटी ‘ऐकणाऱ्यांना ते स्वर निव्वळ कर्णकटू वाटले’ असे छापले गेले. त्याच परिच्छेदाच्या शेवटी श्रोते उठून आरडाओरडा करू लागतात असा प्रसंग होता, आणि मूळ लेखकाने तिथे दुसराच इंग्रजी शब्द योजला होता. तिथे मी खोडलेला ‘गोंगाट’ उचलून ठेवला, आणि त्यावर पेन्सिल चालली नाही.